भोंगऱ्यापर्यंतचं पाणी

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरच्या अकरा घरांनी मिळून मला चौदा हजार रुपये दिले होते. दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या नोटा, रुमालात बांधलेल्या. नाल्याच्या पाण्यावर वीज करून देतो, असं मी त्यांना सांगितलं होतं. माझे स्वतःचे त्याच्या तिप्पट गेले, पण ते माझे होते. हे चौदा हजार माझे नव्हते, म्हणून झालेल्या चुका एकदा नीट लिहून काढतो आहे.

मुक्ताईनगरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पाणबुडी मोटारी, मोनोब्लॉक, पिठाच्या गिरण्यांच्या मोटारी, हे सगळं रोज हाताखालून जातं. मोनोब्लॉकमध्ये उलट बाजूने जोरात पाणी सोडलं की तो पंप टर्बाइनसारखा फिरतो, आणि मोटारीला योग्य मापाचे कपॅसिटर जोडले की तीच मोटार जनरेटर होते. हे मला चांगलं जमत होतं. दुकानात करूनही पाहिलं होतं. यंत्र कळतं म्हणजे निम्म्याहून अधिक काम झालं, अशी माझी समजूत होती, आणि पुढच्या सगळ्या चुका तिच्यातूनच निघाल्या.

आणखी एक कारण आहे, ते मला फार उशिरा कळलं. मी मुक्ताईनगरातच वाढलो, तेव्हा गावाचं नाव एदलाबाद होतं. हतनूर धरण 1982 साली पूर्ण झालं, तेव्हा मी पहिली-दुसरीत असेन. चांगदेवला तापी आणि पूर्णा मिळतात, तिथपर्यंत त्या धरणाचा फुगवटा येतो. आम्ही लहानपणापासून पाहिलं ते हे पाणी. भर उन्हाळ्यातही डोळ्यांना दिसणारं, रुंद, उभं राहिलेलं. नदी म्हणजे हे, असं डोक्यात बसलं. पण ते 41 दरवाजांमागे अडवलेलं पाणी होतं. वाहतं पाणी महिन्या-महिन्याला कसं बदलतं, पावसानंतर किती दिवस टिकतं, कुठे दिसेनासं होतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

2004 च्या अखेरीस ‘स्वदेस’ आला. भुसावळला जाऊन पाहिला, परत पाहिला. त्या गोष्टीच्या मुळाशी आपल्याच खानदेशातलं, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यातलं बिलगाव आहे, हे नंतर वाचलं. तिथे उदई नदीच्या धबधब्यावर 2003 च्या जानेवारीत 15 किलोवॅटचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. केरळहून आलेले अभियंते, नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते आणि आसपासच्या पाड्यांचं श्रमदान, यांतून ते उभं राहिलं. 2006 च्या पावसाळ्यात ते पाण्याखाली जाऊन उद्ध्वस्त झालं. मी मात्र त्यातलं एवढंच उचललं की आदिवासी पाडा आहे, नाला आहे, लोकांचे हात आहेत, वीज होते. बिलगावला नऊ मीटरचा सरळ कडा होता, तिकडे पाऊस आमच्यापेक्षा अधिक पडतो आणि काम करणाऱ्यांनी आधी डोमखेडीला छोटं यंत्र बसवून अनुभव घेतला होता, या तीन गोष्टी मी वाचल्या आणि सोडून दिल्या.

मला पैसे देणारा पाडा सावद्याहून खिरोद्याच्या पुढे, पालच्या रस्त्यावरून थोडा आत. पावरा वस्ती. तिथल्या एका माणसाची पिठाची गिरणी डिझेलवर चालायची, ती दुरुस्त करायला मी जायचो. पाड्यात तेव्हा वीज नव्हती. नाल्याचा खळखळाट घरांतून ऐकू यायचा. 2019 च्या दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मी तिथे माप घ्यायला गेलो.

माप असं घेतलं. नाला एके ठिकाणी खडकावरून सरळ वाहत होता. तिथे पाच मीटरचं अंतर दोरीने मोजलं आणि वरच्या टोकाला लिंबू सोडलं. लिंबू चांगलं, कारण ते बरंचसं पाण्यात बुडून तरंगतं, वाऱ्याने ढकललं जात नाही. दहा सेकंदांत खाली आलं. सेकंदाला अर्धा मीटर. रुंदी नव्वद सेंटिमीटर, खोली मधोमध वीस सेंटिमीटर. गुणाकार केला, सेकंदाला नव्वद लिटर आलं. मी खूश झालो. त्यातलं वीस लिटर घेतलं तरी सत्तर नाल्याला राहतं, कुणाचं काही अडणार नाही, असं पाड्यावर बसून सगळ्यांना समजावलं.

त्या एका गुणाकारात दोन चुका होत्या. मधोमध वीस सेंटिमीटर खोल असलेला नाला काठाला चार-पाच सेंटिमीटरच असतो. रुंदीचे भाग पाडून प्रत्येक ठिकाणी खोली घ्यायची आणि मग सरासरी काढायची असते. ती तेरा सेंटिमीटरच भरली असती. दुसरं म्हणजे लिंबू वाहतं ते वरच्या, मधल्या, सगळ्यांत वेगवान पाण्याबरोबर. तळाशी आणि काठाला दगडगोट्यांशी घासून पाणी मंद होतं. खडकाळ, उथळ नाल्यात लिंबाच्या वेगाच्या पासष्ट टक्के धरला तर खरा सरासरी वेग निघतो. हे दोन्ही केलं असतं तर नव्वदचे अडतीस झाले असते. मी लिंबू एकदाच सोडलं होतं, तेही मधोमध. चार-पाच वेळा, वेगवेगळ्या ठिकाणी सोडायला किती वेळ लागला असता?

मग उंची. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी घेऊन गेलो. पाणी भरलेल्या नळीची दोन्ही तोंडं वर धरली की पाणी सारख्या पातळीला उभं राहतं. उतारावर पाच टप्पे घेतले, बेरीज सात मीटर वीस सेंटिमीटर आली. पुढे पुन्हा मोजलं तेव्हा सहा मीटर दहा निघाले. पहिल्या वेळी नळीच्या एका बाजूला वीतभर हवेचा बुडबुडा अडकलेला होता. नळी उन्हात जुनी होऊन पिवळी पडली होती, त्यामुळे दिसला नाही. प्रत्येक टप्प्याला वीतभर चूक, तीही एकाच बाजूला, आणि पाच टप्प्यांत मिळून अकराशे मिलिमीटर हवेत गेले. नळी भरल्यावर दोन्ही तोंडं शेजारी धरून पाणी बरोबरीला येतं का, एवढं पाहिलं असतं तर बुडबुडा लगेच सापडला असता. रोज भिंती बांधणारा गवंडी ते पाहिल्याशिवाय कामाला लागत नाही.

या विषयातला मूळ हिशोब साधा आहे. सेकंदाला एक लिटर पाणी एक मीटर खाली आलं की त्यात 9.81 वॅट असतात. पंप उलटा चालवून, जुनी मोटार वापरून त्यातले निम्मे हाती लागले तरी चांगलं. म्हणजे लिटर गुणिले मीटर गुणिले पाच. माझा कागद म्हणत होता, वीस लिटर, सात मीटर, सातशे वॅट. अकरा घरांत दिवे, मोबाइलचं चार्जिंग, शाळेच्या खोलीत पंखा. मी हा आकडा पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर रुमाल सुटला आणि नोटा मोजल्या गेल्या.

त्या बैठकीत एक म्हातारे बाबा शेवटी बसले होते. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, ‘‘भाऊ, हा नाला भोंगऱ्यापर्यंत चालत नाही.’’ भोंगऱ्या म्हणजे होळीच्या आधीच्या आठवड्यातला त्यांचा बाजार आणि सण. मी म्हटलं, ‘‘बाबा, नव्वद लिटर आहे. कमी झालं तरी किती होईल?’’ ते काही बोलले नाहीत. मला त्यांचं गप्प बसणं होकार वाटलं. साठ-सत्तर वर्षं तो नाला रोज पाहणाऱ्या माणसाने मला वर्षाचं मोजमाप एका वाक्यात दिलं होतं. माझ्याकडे एका दिवसाचं होतं, तेही चुकलेलं.

तो दिवसही कसला होता! 2018 ला पावसाने एवढा दगा दिला की राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. 2019 त्याच्या अगदी उलट गेलं, दिवाळीनंतरही पाऊस सुरू होता, ज्वारी-मका शेतात सडला. मी मोजला तो अशा वर्षीचा नाला, आणि तोच कायमचा धरला. आदल्या वर्षी दसऱ्याला इथे किती पाणी होतं, असं मी कुणालाही विचारलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी काम झालं. दगड रचून छोटा बांध, त्यातून चार इंची नव्वद मीटर पाइप, खाली मोनोब्लॉक. झडप उघडली, पंप फिरला, दिवे लागले. पाड्यावर जल्लोष झाला. मी मीटर लावून पाहिलं तर जेमतेम दोनशे वॅट. कपॅसिटर बदलले, पंप उघडला, पुन्हा बसवला. दोष यंत्रात असणार, असंच मी धरून चाललो होतो, कारण मला यंत्रच दिसत होतं. दोष पाइपात होता. चार इंची पाइपातून सेकंदाला वीस लिटर न्यायचे तर नव्वद मीटरमध्ये पाच मीटरहून अधिक उंची नुसत्या घर्षणात खर्च होते. सहातले पाच गेले, तर पंपाला उरलं काय? त्यामुळे पाइपातून प्रत्यक्षात दहाच लिटर यायचे. निम्मं पाणी आलं की घर्षण जवळपास चौथाईवर येतं, म्हणून दीड मीटर जाऊन साडेचार उरायचे. दहा गुणिले साडेचार गुणिले पाच, म्हणजे दोनशे वॅटच्या आसपासच. यंत्र अगदी बरोबर चाललं होतं. पाइपाच्या दुकानातल्या तक्त्यात हे सगळं छापलेलं असतं. ठिबकवाले आमच्या भागात रोज तो तक्ता बघून केळीच्या शेतात पाइप टाकतात. माझ्या दुकानाच्या भिंतीवरही तसा एक टांगलेला होता.

तरी दिवे लागत होते. नऊ वॅटचे अकरा दिवे आणि संध्याकाळी दोन तास मोबाइल, एवढं भागत होतं. तेवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित ही गोष्ट थोडी वेगळी झाली असती.

जानेवारीत दिवे मिणमिणायला लागले. मी गेलो. बांधावर पाणी कमी येत होतं, पण वर, जिथे लिंबू सोडलं होतं त्या खडकावर, बरं दिसत होतं. मधल्या दोनशे मीटरमध्ये ते जात होतं कुठे? पाइप वाचवायचा म्हणून मी बांध खाली घेतला होता आणि तिथे तळ खडकाचा नव्हता, गोट्यांचा आणि वाळूचा होता. पाणी वाळूखालून चाललं होतं. आमच्या भागात हे नवं नाही. सातपुड्याचा पायथा म्हणजे डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा जाड थर, भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून उतरलेल्या नद्या-नाले या पट्ट्यात आले की जमिनीत मुरतात. रावेर-यावलच्या विहिरी आणि केळी त्यावर जगल्या. याच पट्ट्यात पाणी मुरवायच्या तापी महाकाय पुनर्भरण योजनेचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने 2025 च्या मे महिन्यात केला. विहिरीला जे वरदान, ते माझ्या पाइपाला मारक. पाड्यावरच्या बायका उन्हाळ्यात त्याच जागी वाळूत झिरे खणतात. झिऱ्यांचे जुने खड्डे मी बांध घालताना पाहिले होते, दगडांनी बुजवलेही होते. पाणी कुठे खाली जातं, हे त्या खड्ड्यांनी दाखवून ठेवलेलं होतं.

पुढे जे केलं त्याची मला सगळ्यांत जास्त खंत आहे. दिवे लागलेच पाहिजेत म्हणून मी बांधाच्या फटी प्लास्टिकच्या कागदाने आणि मातीने लिंपून टाकल्या. उरलेलं सगळं पाणी पाइपात. दिवे पुन्हा उजळले. मी रात्री मुक्ताईनगरला समाधानाने परतलो.

चार दिवसांनी फोन आला, दिवे बंद. जाऊन पाहतो तर बांधाचे वरचे तीन-चार दगड कुणीतरी काढून ठेवलेले, नीट, एका बाजूला रचून. प्लास्टिक घडी करून त्यावर दगड ठेवलेला. मी चिडलो. ‘‘कुणी केलं हे?’’ असं तिथेच ओरडलो. खालच्या वळणावर एक बाई भांडी घासत होती. ती उठली आणि म्हणाली, ‘‘मी काढले, भाऊ. खाली या.’’

मी तिच्या मागे गेलो. बांध आणि पंप यांच्यामधला नाल्याचा तुकडा चार दिवस कोरडा होता. तिथे एक डोह होता, गुडघाभर, उंबराच्या मुळांशी. बकऱ्या तिथे पाणी प्यायच्या, पोरं तिथे आंघोळ करायची, बायका भांडी-कपडे तिथेच धुवायच्या. डोहाच्या तळाशी चिखल फाटला होता आणि बोटाएवढे मासे त्यात मेलेले होते. दगड काढल्यावर पाण्याची बारीक धार नुकती डोहात पोचू लागली होती. ती बाई भांडण करत नव्हती. म्हणाली, ‘‘दिवा रात्री लागतो. बकरी दिवसा पाणी पिते.’’

मी तिच्यासमोर काही बोललो नाही. घरी आल्यावरही बायकोला काही सांगितलं नाही. सत्तर लिटर नाल्याला राहील, असं सगळ्यांसमोर सांगणारा मी, तीन महिन्यांनी शेवटचा लिटरही पाइपात घातला होता आणि त्याबद्दल पाड्यावर कुणाला विचारलं नव्हतं. अभयारण्याची हद्द तिथून जवळ आहे, जंगलातल्या नाल्याला हात लावण्याआधी वनखात्याची रीतसर परवानगी घ्यायला हवी होती. तीही मी घेतली नव्हती. पण ती परवानगी हातात असती तरी त्या डोहावर माझा हक्क झाला नसता.

फेब्रुवारीच्या मध्यावर नाला बांधापाशी थांबला. बाबांनी सांगितलं होतं तसंच, भोंगऱ्याच्या आधी. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, मला जाता आलं नाही. जुलैच्या पहिल्या मोठ्या पुराने बांध नेला, पाइप गोट्यांनी भरला. पंप तेवढा वाचला.

चौदा हजार रुपये मी 2021 च्या दिवाळीपर्यंत तीन हप्त्यांत परत केले. बहुतेकांनी त्यात भर घालून छोटी सौर पॅनेलं घेतली, ती आज घरांवर आहेत. पैसे घेताना कुणी मला लागेल असं बोललं नाही. ते मला जास्त लागलं.

त्याच वर्षी मी मोजायला नव्याने शिकलो. प्लायवूडच्या पाटीला काटकोनाची खाच पाडायची आणि नाल्यात खडकावर ती आडवी, घट्ट बसवायची. सगळं पाणी खाचेतून पडलं पाहिजे. पाटीच्या थोडं मागे पाण्याची उंची पट्टीने बघायची. खाचेच्या टोकापासून दहा सेंटिमीटर पाणी असेल तर सेकंदाला साधारण साडेचार लिटर, वीस असेल तर पंचवीसच्या जवळपास. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून अधिक होतं. हे डोळ्यांना कधीच कळत नाही, त्यामुळे ‘बरंच पाणी आहे’ या अंदाजाला काही किंमत नाही. पावसाळा सरल्यावर, या वेळी सगळ्यांना विचारून, ती पाटी वरच्या खडकावर लावली. शाळेत जाणाऱ्या एका मुलीने पुढे दर बाजाराच्या दिवशी पट्टी बघून वहीत आकडा लिहिला. ऑक्टोबरात बावीस सेंटिमीटर. डिसेंबरात तेरा. जानेवारीच्या शेवटी आठ. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिने आकड्याच्या जागी लिहिलं होतं, ‘ओलं आहे, पडत नाही’.

त्या वहीची पानं मी एकदा मोठ्यापासून लहानापर्यंत आकडे लावून पाहिली. वर्षातल्या निम्म्या दिवसांत त्या नाल्यात पाच लिटरही नव्हते आणि त्यातले काही डोहाला सोडायचेच होते. म्हणजे तिथे वीज फक्त पावसाळ्यात आणि पुढचे दोन-तीन महिने होऊ शकली असती, तीही पन्नास-शंभर वॅट. हे कळायला एक वही आणि एक वर्ष पुरलं असतं, पैसा जवळपास लागलाच नसता. सह्याद्रीत 1915 साली खोपोलीची वीज सुरू झाली ती घाटमाथ्यावर पावसाळ्याचं पाणी साठवणारी तळी बांधून. तिथला पाऊस आमच्या कितीतरी पट, खाली पाचशे मीटरचा उतार, तरी नुसत्या वाहत्या ओढ्यांवर कुणी भरवसा ठेवला नाही. आमच्याकडे सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत. आमच्या बहुतेक नाल्यांवर बारमाही विजेचं स्वप्न दाखवणं चूक आहे, असं मी आता स्पष्ट सांगतो. जिथे खडकाच्या तळावर, उंच कड्याशी, वैशाखातही पाणी पडतं अशी जागा असेल, तिथे जरूर करावी. पण ती जागा वैशाखात जाऊन पाहिलेली असावी.

बाबा 2022 ला गेले. मी त्यांना एकदा म्हणालो होतो, ‘‘बाबा, तुम्ही तेव्हा मला अडवायला हवं होतं.’’ ते म्हणाले, ‘‘सांगितलं होतं.’’

तुमच्या गावच्या नाल्यावर कुणी असं काम करायचं म्हणत असेल, तर आधी पाणी भरणाऱ्या बायकांना आणि गुरं राखणाऱ्यांना विचारा आणि मग एक वर्षभर मोजा. खाच पाडलेली पाटी आणि मापाचा तक्ता माझ्या दुकानात आहे. ज्याला हवी असेल त्याने ती घेऊन जावी आणि वर्षाने वहीसकट परत आणून द्यावी.